प्रीमियर पद्मिनी गाडीला ऑइल टेंपरेचर गेज बसवताना

पाण्याचा काटा नॉर्मल दाखवतो म्हणून ऑइलपण ठीक असेल असं धरू नका, घाटात ऑइल हळूहळू तापतं आणि थंडही उशिरा होतं. गेज आणि सेंडर (ऑइलचं तापमान मोजून गेजला कळवणारा सेन्सर) एकाच सेटचे घ्या, वेगवेगळे घेतले तर रीडिंग चुकणारच.

सेंडर सम्पच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) ड्रेन प्लगच्या जागी बसवणं सगळ्यात सोपं. जुना प्लग खिशात घालूनच दुकानात जा आणि आटे जुळवून अ‍ॅडॉप्टर घ्या, अंदाजाने घेऊन जबरदस्ती पिळलात तर सम्पचे आटे गेलेच म्हणून समजा. बसवायच्या आधी सेंडर गरम पाण्यात धरून मल्टीमीटर लावा, पाणी तापेल तसा रेझिस्टन्स कमी व्हायला हवा.

मग ऑइल काढा, नवीन तांब्याचा वायसर टाका, हाताने आटे धरले की मगच पाना लावा. एका वायरच्या सेंडरला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. गेजला इग्निशनवरून फ्यूज टाकून सप्लाय द्या, वायर सायलेन्सरच्या पाइपपासून लांब बांधा, आणि सेंडर खाली लटकतो म्हणून स्पीडब्रेकरवर खरंच जपा.