आंबट-गोड पोर्क: आवरण कुरकुरीत ठेवायचं तर

चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या या पदार्थात सॉसची चव जमवणं सोपं असतं, बिघडतं ते तळण. खालच्या मापात छोटा चमचा ५ मिलिलिटरचा आणि मोठा १५ मिलिलिटरचा धरला आहे.

मांस खांद्याचं किंवा मानेचं घ्या. त्यात चरबीच्या बारीक रेषा असतात, म्हणून दोनदा तळूनही ते मऊ राहतं. बिनचरबीचे तुकडे चामट होतात. ५०० ग्रॅम मांसाचे अडीच सेंटिमीटरचे तुकडे करा. अर्धा छोटा चमचा मीठ, १ मोठा चमचा सोया सॉस आणि थोडी मिरपूड चोळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. यात ताज्या अननसाचा रस अजिबात नको. त्यातलं ब्रोमेलेन प्रथिनं तोडतं आणि मांस पिठूळ होतं.

मुरलेल्या मांसात एक फेटलेलं अंडं आणि २ मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर कालवा. मग एकेक तुकडा कोरड्या कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवून मुठीत दाबा, सुटं पीठ झटका आणि ५ मिनिटं तसाच ठेवा. पीठ ओलसर होऊन चिकटलं की तेलात सुटत नाही.

तेल १७० अंशांवर आलं की थोडे थोडे तुकडे सोडून ३-४ मिनिटं तळा. एकदम सगळे टाकले तर तेल थंड पडतं आणि आवरण तेल पितं. बाहेर काढून ५ मिनिटं जाळीवर ठेवा. आतली वाफ बाहेर येऊन आवरण थोडं नरम पडेल, पडू द्या. आता तेल १९० अंशांवर नेऊन मिनिटभर पुन्हा तळा. ही दुसरी तळणी आवरणातलं पाणी घालवते. तिचा कंटाळा करू नका, खरा कुरकुरीतपणा तिथेच येतो. मोठ्यात मोठा तुकडा कापून बघा, आत कच्चेपणा दिसता कामा नये.

सॉससाठी ४ मोठे चमचे साखर, ३ व्हिनेगर, ३ टोमॅटो केचप, ४ पाणी आणि चिमूटभर मीठ. साखर विरघळल्यावर चाखा. नुसता सॉस जरा तीव्रच लागायला हवा, कारण मांसाबरोबर तो सौम्य होतो.

रिकाम्या कढईत चमचाभर तेलावर कांदा आणि ढोबळी मिरचीचे चौकोन मोठ्या आचेवर मिनिटभर परता. अननसाच्या फोडी आणि सॉस घाला. उकळी आली की दीड छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवून ओता. पळीच्या पाठीवर थर धरला की लगेच पुढे जा, कारण व्हिनेगरमध्ये जास्त उकळलं तर सॉस पुन्हा पातळ होतो. आच बंद करून तुकडे टाका, चार-पाच वेळा उलटापालट करा आणि लगेच वाढा.

पाहुणे यायचे असतील तर पहिली तळणी आधी उरकून तुकडे फ्रिजमध्ये ठेवा, सॉस वेगळा. दुसरी तळणी मात्र ताटं मांडल्यावरच.