खानावळीच्या मोरीचं पाणी ड्रेनेजला कसं सोडायचं आणि ग्रीस ट्रॅप नीट कसा बसवायचा

हॉटेल असो, मेस असो, घरगुती डबे असोत, भांडी घासलेलं पाणी आहे तसं रस्त्याच्या ड्रेनेजला सोडायचं नसतं. सांगलीत स्टँडजवळ माझी खानावळ आहे, दोन्ही वेळचं मिळून दीडशे पान उठतं. माझ्यासकट सांगली-मिरज-कुपवाड मिळून पंधरा-सोळा किचनला ग्रीस ट्रॅप (भांड्यांच्या पाण्यातलं तेल अडवणारी टाकी) बसवताना मी स्वतः उभी राहिलेय, आणि दरवेळी कुणीतरी येऊन सांगतंच की गरम पाणी ओता, सोडा टाका, सगळं निघून जातं. निघून जात नाही. पुढे जातं आणि पुढच्याच्या दारात बसतं.

आधी तुमचं पाणी जातंय कुठं ते बघा. आपल्याकडं सगळ्यालाच गटार म्हणतात, पण भुयारी ड्रेनेज वेगळं, रस्त्याकडेचं उघडं गटार वेगळं आणि सेप्टिक टँक वेगळा. बादलीभर पाण्यात चार चमचे हळद कालवा, मोरीत ओता आणि बाहेरच्या चेंबरची झाकणं उघडून पिवळं पाणी कुठं निघतं ते बघा. घरमालकाच्या किंवा जुन्या प्लंबरच्या शब्दावर विसंबू नका. मिरजेत एका ठिकाणी सगळे ड्रेनेज ड्रेनेज म्हणत होते आणि हळद निघाली मागच्या उघड्या गटारात.

याने फरक काय पडतो ते सांगते. पर्यावरण संरक्षण नियम 1986 च्या अनुसूची 6 मध्ये सांडपाण्याचे आकडे दिलेत. सार्वजनिक ड्रेनेजला सोडायचं तर लिटरमागे तेल-ग्रीस 20 मिलिग्रॅमच्या आत, पाण्यात मिसळलेला गाळ 600, बीओडी 350 (म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जो ऑक्सिजन खातात त्याचं माप) आणि पीएच (पाणी किती आंबट की खारट सोड्यासारखं याचं माप) 5.5 ते 9. हे आकडे ती लाईन शुद्धीकरण केंद्राला जात असेल तरच धरायचे. पाणी नाल्यातून नदीला जात असेल तर नदीचे आकडे लागतात, तेल 10, गाळ 100 आणि बीओडी फक्त 30. गावाचं सांडपाणी नेणारा शेरीनाला कृष्णेला कुठं मिळतो हे सांगलीकराला सांगायला नको, आणि पिण्याचं पाणीही आपण कृष्णेतूनच उचलतो.

20 मिलिग्रॅम म्हणजे किती हे कळत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात. हजार लिटरच्या टाकीत 20 ग्रॅम तेल, साधारण दीड मोठा चमचा, बस्स. कढईच्या तळाला राहिलेलं 100 मिली तेल मोरीत गेलं तर साडेचार हजार लिटर पाणी त्या मर्यादेला जाऊन टेकतं.

कनेक्शनचा अर्ज महापालिकेच्या ड्रेनेज विभागात करा, परस्पर रस्ता फोडून लाईन जोडू नका. पावसाची पन्हळ ड्रेनेजला जोडायची नाही. गाडीचं जळकं ऑइल, थिनर, रंग, फिनेलच्या बाटल्यांतला उरलेला माल, ओले वाइप्स, पॅड, यातलं काही म्हणजे काही आत जाता कामा नये. सराफ कट्ट्यावरच्या आणि गलाईवाल्या (सोनं-चांदी गाळणाऱ्या) मंडळींनी तर ॲसिडचं पाणी लांबच ठेवावं, तांब्याची मर्यादा लिटरला 3 मिलिग्रॅम आहे, कारण धातू शुद्धीकरण केंद्रातले जिवाणूच मारतात आणि मग सगळ्या गावाचं पाणी तसंच पुढं जातं.

भांडी आधी पुसून घ्या. ताट, कढई, पातेलं रबरी पट्टीने किंवा रद्दी कागदाने कोरडं पुसायचं आणि मगच पाणी लावायचं. मोरीला बारीक जाळी. भाताची शितं आणि चहाचा चोथा जाळीवर अडवलाच पाहिजे, भात पाईपात फुगतो. तळणाचं तेल डब्यात साठवा, बायोडिझेलसाठी नेणारे लोक आहेत, आणि तेलातले पोलर कंपाउंड (तेल परत परत तापवून तयार होणारे घटक) 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या, नियमाने खाण्यात वापरताच येत नाही.

आता ग्रीस ट्रॅप. सगळी गोम इथंच आहे.

माझा पहिला ट्रॅप एका प्लंबरने विटांचा बांधला, दिसायला छान, आत प्लास्टर, वर लोखंडी झाकण. पण बाहेर जाणारा पाईप त्याने पाण्याच्या वरच्या पातळीला सरळ बसवला. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे पहिलं बाहेर कोण जाणार, तेलच. तीन आठवड्यांत रस्त्यावरचं चेंबर तुंबलं आणि घाण पाणी शेजारच्या मेडिकलच्या पायरीला लागलं. मी घाबरून कॉस्टिक सोडा आणि उकळतं पाणी ओतलं, पाणी उतरलं, दोन दिवसांनी वीस फूट पुढचं चेंबर भरलं. महापालिकेची जेटिंगची (जोरात पाणी मारून लाईन मोकळी करणारी) गाडी आली तेव्हा आतून पांढरे, साबणाच्या वडीसारखे कडक गोळे निघाले. डालडा आणि तेल थंड झालं की घट्ट होतं, आणि त्यातली चरबी पाण्यातल्या कॅल्शियमबरोबर मिळून खरोखरच साबण बनते. सोड्याचा तो उद्योग परत करू नका. पीएच 9 च्या कितीतरी वर जातो, आणि पुढं चेंबर उघडणाऱ्या माणसाच्या हातापायावर ते पाणी उडतं. ॲसिड त्याहून वाईट, सिमेंटचं चेंबर खातं आणि आतल्या गाळातून विषारी गॅस सोडतं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन होतो, तुमच्याच मोरीत.

तर बाहेरच्या पाईपाला आतल्या बाजूने टी (T आकाराचा पाईपाचा जोड) लावायचा आणि टीचा खालचा तुकडा पाण्यात खोल न्यायचा, तळापासून सहा ते आठ इंच वर राहील इतका. मग पाणी मधल्या थरातून उचललं जातं, तेल वर राहतं आणि गाळ खाली. आत येणाऱ्या पाईपालाही खाली वळवलेला टी, नाहीतर धबधब्यासारखं पाणी पडून सगळं घुसळतं. मध्ये आडभिंत, तिच्या खालून पाणी जाईल अशी. बाहेरचा पाईप आतल्यापेक्षा दोन इंच खाली. टीचं वरचं तोंड उघडता येईल असं ठेवा, तिथून काठी घालून बघता येतं. प्लंबर म्हणेल टी कशाला, बेंड (नुसता वाकडा जोड) चालतो. बेंड चालत नाही, तुंबला की तोडावा लागतो, आणि मोठ्या लाईनला सायफन होऊन ट्रॅपमधलं पाणीच ओढून नेतो.

साईज दुकानदाराच्या बोलण्यावर ठरवू नका. गर्दीच्या तासात मोरीत किती पाणी जातं ते बादलीने मोजा. समजा तासाला 400 लिटर, तेल वर यायला पाण्याला निदान अर्धा तास शांत थांबायला मिळालं पाहिजे, म्हणजे 200 लिटर, त्यात चतुर्थांश जागा तेल आणि गाळ खाणार हे धरलं की पावणेतीनशे, मग 300 चा घ्या. मोरीखाली बसणारा छोटा स्टीलचा डबा एका सिंकला ठीक आहे पण तो रोज रिकामा करावा लागतो, आणि रोज करणारं माणूस मी अजून बघितलं नाही. संडासची लाईन ट्रॅपमध्ये कधीही नाही, ती ट्रॅपच्या पुढं जोडायची. पातेल्यातलं उकळतं पाणी निवू द्या मगच ओता, गरम पाण्यात आणि जास्त साबणात तेल विरघळल्यासारखं होऊन ट्रॅप पार करून जातं.

सुरू करायच्या आधी ट्रॅप साध्या पाण्याने काठोकाठ भरायचा. मी एकदा साफ करून रिकामाच ठेवला आणि दुपारच्या जेवणाचं पहिलं तेल टीच्या खालच्या तोंडातून आत शिरलं आणि ट्रॅप भरताच लाईनला गेलं. साफ केलं की भरा, दरवेळी.

आठ दिवसांनी झाकण काढा. आत येण्याच्या बाजूला जाड थर, आडभिंतीपलीकडं पातळ, आणि टीत तेलाची चकाकी नाही, असं दिसलं तर ट्रॅप काम करतोय. झाकण उघडल्यावर ट्रॅप स्वच्छ दिसला तर खुश होऊ नका, म्हणजे तेल थांबतच नाहीये.

तेल आणि गाळ मिळून खोलीच्या चौथ्या हिश्श्याला आले की साफ करायचं. माझ्याकडं दर सोमवारी करतो, भिंतीवर तारीख लिहितो. वरचा थर झाऱ्याने काढायचा, लाकडाच्या भुश्यात मळायचा, पिशवीत घट्ट बांधायचा आणि महापालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवाल्याला आत काय आहे ते सांगून द्यायचा, बाहेरच्या गटारात फेकायचा नाही. हे सगळं वरून, उभं राहून. मोठ्या चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये कुणालाही उतरवायचं नाही, पाचशे रुपये जास्त देतो म्हणूनही नाही. हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं गुन्हा आहे, आणि आतला गॅस माणसाला वर यायला वेळ देत नाही. लाईन तुंबली तर जेटिंगची गाडी बोलवा.

आणि पावसाळ्यात एक काम जास्तीचं. कृष्णा चढली की ड्रेनेजचं पाणी उलटं येतं. 2019 ला माझ्या किचनमध्ये रस्त्यावरून पाणी यायच्या आधी मोरीतून आलं, ट्रॅपमधलं सगळं तेल ओट्याच्या उंचीला भिंतीला चिकटलं आणि ते खरवडायला महिना गेला. तेव्हापासून बाहेरच्या पाईपाला, ट्रॅपच्या पुढं, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) लावलाय. कृष्णेवरच्या इर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट आणि धोका 45, पण मी 35 ला आणि पाणी चढतच असलं की त्याच दिवशी ट्रॅप उपसते, साध्या पाण्याने भरते, झाकणाचे बोल्ट आवळते आणि व्हॉल्व्हची फडकी (आतली झडप) हाताने हलवून बघते, कारण वर्षभर न हललेली फडकी ग्रीसने चिकटून उघडीच राहते.