खेळाडू किती, प्रेक्षक किती : देशोदेशीच्या आकड्यांची तुलना करताना या चुका टाळा

पाच देशांची नावे, प्रत्येकासमोर ‘खेळात भाग घेणाऱ्यांचे प्रमाण’ असा एकेक टक्का आणि तळाशी भारत. असा तक्ता वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत आणि क्रीडा संघटनांच्या निवेदनांत वारंवार दिसतो. त्यातला प्रत्येक आकडा आपापल्या जागी खरा असू शकतो आणि तरीही अख्खा तक्ता चुकीचा ठरू शकतो, कारण ते आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे असतात.

यातली सर्वांत महागात पडणारी चूक संदर्भकाळाची, म्हणजे प्रश्न किती काळाविषयी विचारला आहे याची असते. भारतात या विषयावर देशव्यापी माहिती मुख्यतः केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या वेळवापर पाहणीतून, म्हणजे ‘टाइम यूज सर्व्हे’तून मिळते. ही पाहणी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये झाली. तिच्यात सहा वर्षांवरील व्यक्तींना एका दिवसाचा, पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंतचा दिनक्रम विचारला जातो. तिथे मिळणारे प्रमाण हे ‘त्या एका दिवशी’ खेळलेल्यांचे असते. याउलट अमेरिकेतील क्रीडासाहित्य उद्योगाची पाहणी वर्षभरात एकदा जरी खेळलेल्या व्यक्तीला सहभागी मानते, तर युरोपीय संघाचा युरोबॅरोमीटर ‘तुम्ही किती वेळा व्यायाम करता किंवा खेळता’ असे विचारून आठवड्यातून किमान एकदा, क्वचित, कधीच नाही अशा गटांत लोकांना विभागतो.

फरक किती पडतो ते एका कल्पित गिरगावकरावर पाहता येईल. समजा, हे गृहस्थ जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या ड्रीम रनमध्ये धावतात आणि एरवी दर रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हवर पाऊण तास भरभर चालतात. अमेरिकी पद्धतीत ते निर्विवाद सहभागी ठरतात. युरोपीय पद्धतीत ते साप्ताहिक व्यायाम करणारे ठरतील, पण चालण्याला ते स्वतः व्यायाम म्हणत असतील तरच. इंग्लंडच्या ‘ॲक्टिव्ह लाइव्ह्ज’ पाहणीत आठवड्याला १५० मिनिटे भरत नसल्यामुळे त्यांना ‘सक्रिय’ हा शिक्का मिळणार नाही. आपल्या वेळवापर पाहणीत ते दिसतील की नाही, हे पाहणीच्या वाट्याला रविवार आला की नाही यावर अवलंबून राहील. सगळा देश त्यांच्यासारखा आठवड्यातून नेमका एकच दिवस व्यायाम करू लागला आणि ते दिवस आठवडाभर सारखे विखुरले गेले, तर एका दिवसाच्या पाहणीत सुमारे १४ टक्केच लोक दिसतील आणि साप्ताहिक पाहणीत तेच प्रमाण १०० टक्के असेल. माणसे तीच आणि त्यांचा व्यायामही तेवढाच.

यावर उपाय गुणाकाराचा नाही. एका दिवसाच्या प्रमाणाला सातने गुणून आठवड्याचे प्रमाण काढण्याचा प्रयत्न मी अनेक तक्त्यांत पाहिला आहे. रोज खेळणारा आणि आठवड्याला एकदा खेळणारा यांचे मिश्रण कसे आहे हे ठाऊक नसताना त्या गुणाकाराला काही अर्थ उरत नाही. वेळवापर पाहणीची तुलना दुसऱ्या देशाच्या वेळवापर पाहणीशीच करावी. तीही करताना ‘सहभागी व्यक्तीमागे सरासरी मिनिटे’ आणि ‘एकूण लोकसंख्येत दरडोई सरासरी मिनिटे’ हे दोन रकाने एकमेकांत मिसळू देऊ नयेत. पहिला रकाना खेळणारे किती वेळ खेळतात ते सांगतो. दुसऱ्यात न खेळणाऱ्यांची शून्येही धरलेली असतात.

याच पाहणीतून आणखी एक गैरसमज जन्माला येतो. २०२४ मध्ये दिवसाचा ११ टक्के वेळ ‘संस्कृती, विरंगुळा, प्रसारमाध्यमे आणि क्रीडा’ या विभागात गेला आणि २०१९ मध्ये हे प्रमाण ९.९ टक्के होते. या वाढीचे श्रेय खेळाला देण्याचा मोह होतो, परंतु दूरचित्रवाणी, मोबाइलवरचे व्हिडिओ, वाचन, छंद आणि मैदानावरचा खेळ हे सगळे त्या एकाच विभागात बसतात. क्रीडा व व्यायाम हा त्याचा एक उपविभाग आहे. सामना मैदानावर जाऊन पाहणे दुसऱ्या उपविभागात मोडते आणि तोच सामना घरी टीव्हीवर पाहणे तिसऱ्यात. मूळ अहवालातील उपविभागाचा तक्ता उघडल्याशिवाय खेळाविषयी एकही वाक्य लिहू नये.

आता ‘खेळ’ या शब्दाकडे वळू. मराठीत ‘तुम्ही खेळता का?’ असे विचारले, तर कॅरम खेळणारा हो म्हणेल आणि रोज पहाटे शिवाजी पार्कला पाच फेऱ्या मारणारे आजोबा नाही म्हणतील. ‘व्यायाम करता का?’ असे विचारले की उत्तरे नेमकी उलटतील. फिनिश भाषेतील ‘लीकुंता’ या शब्दात फिरण्यापासून व्यायामशाळेपर्यंत सगळी हालचाल येते आणि स्पर्धात्मक खेळाला वेगळा शब्द आहे. युरोबॅरोमीटरच्या २०२२ च्या फेरीत आठवड्यातून किमान एकदा व्यायाम करणारे फिनलंडमध्ये ७१ टक्के निघाले, तर पोर्तुगालमध्ये ७३ टक्क्यांनी कधीच नाही असे सांगितले. या दरीचा मोठा भाग खराच असावा, पण प्रश्नाच्या अनुवादाचा वाटा तपासल्याशिवाय सगळे श्रेय फिनिश स्वभावाला देऊन मोकळे होणे घाईचे ठरेल. सरकारी व्याख्याही बदलत असतात. योगासनाला भारतात डिसेंबर २०२० मध्ये स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून मान्यता मिळाली, तर दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची घोषणा महाराष्ट्र सरकारने २०२२ मध्ये केली. म्हणून गोविंदा पथकांची संख्या एका रात्रीत ‘खेळाडूं’मध्ये मिळवायची की नाही, हे तक्ता करणाऱ्याने तळटीपेत स्पष्ट लिहिले पाहिजे.

एकाच देशाची दोन वर्षे शेजारी ठेवली तरी धोका टळत नाही. इंग्लंडमध्ये २००५ पासून चाललेली ‘ॲक्टिव्ह पीपल’ पाहणी दूरध्वनीवरून होत असे आणि आठवड्यातून एकदा किमान ३० मिनिटे खेळणारे प्रौढ मोजत असे. ते प्रमाण सुमारे ३६ टक्के येत असे. तिच्या जागी आलेल्या ‘ॲक्टिव्ह लाइव्ह्ज’मध्ये लोक स्वतः ऑनलाइन किंवा कागदावर उत्तरे देतात, चालणे व सायकलिंगही धरले जाते आणि ‘सक्रिय’ लोकांचे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर गेले. हे दोन आकडे एका आलेखात सलग रेषेने जोडणे म्हणजे मोजपट्टी बदलून मुलगा उंच झाला असे म्हणणे होय. तिथे रेषा तोडावी.

‘निम्मे भारतीय पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत’ हा २०२४ मध्ये गाजलेला आकडाही खेळाचा नव्हे. त्या मोजणीत शेतातले काम, घरकाम आणि कामावर चालत जाणेही धरलेले असते. रोज टोपल्या वाहणारा माथाडी कामगार तिथे पुरेसा सक्रिय ठरतो, मग तो आयुष्यात एकदाही मैदानावर गेला नसला तरी.

प्रेक्षकसंख्येचा गोंधळ वेगळ्या जातीचा आहे. मैदानाच्या नोंदी हजेऱ्या मोजतात आणि घरोघरची पाहणी माणसे मोजते. वानखेडेवर एका हंगामात सहा सामने पाहणारा एकच माणूस पहिल्या हिशेबात सहा असतो आणि दुसऱ्यात एक. युरोपीय संघाच्या घरोघरी होणाऱ्या उत्पन्न व राहणीमान पाहणीत २०१५ मध्ये १६ वर्षांवरील व्यक्तींना गेल्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष सामना पाहिला का, असे विचारले होते. त्या टक्केवारीची तुलना एखाद्या लीगच्या एकूण प्रेक्षकसंख्येला लोकसंख्येने भागून करता येणार नाही. शिवाय हजेरी म्हणजे विकलेली तिकिटे की दरवाजातून प्रत्यक्ष आत आलेली माणसे, हेही ठरलेले नसते. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये नॅशनल लीग १९९२ पर्यंत आत आलेले प्रेक्षक मोजत असे आणि १९९३ पासून विकलेली तिकिटे मोजू लागली. त्या वर्षीच्या वाढीत हा बदलही मिसळलेला आहे.

२०२३ च्या पुरुष एकदिवसीय विश्वचषकाला एकूण १२,५०,३०७ प्रेक्षक आले आणि २०१५ च्या १०,१६,४२० चा विक्रम मोडला. सामने अनुक्रमे ४८ आणि ४९ होते, म्हणजे सरासरी सुमारे २६,००० विरुद्ध २०,७००. तुलना इथवर ठीक आहे. त्यावरून कुठे उत्साह जास्त होता असा निष्कर्ष काढायचा, तर मैदानांची क्षमता मध्ये येते. वानखेडे सुमारे ३३,००० प्रेक्षकांनी तुडुंब भरते, तेवढे प्रेक्षक आले तर अहमदाबादचे मैदान जेमतेम पाव भरते. म्हणून एकूण संख्या, सरासरी आणि क्षमतेच्या तुलनेत भरलेपणा हे तीन रकाने शेजारी ठेवावेत.

जिथे तिकीटच नाही तिथला प्रेक्षक कोणत्याच खात्यात नसतो. आझाद मैदानावर पावसाळ्यात कांगा लीगचा सामना कुंपणाशी छत्री धरून पाहणारे, लालबाग-परळच्या मैदानांतील कबड्डीला रात्री उशिरापर्यंत बसणारे, किंवा मॅरेथॉनच्या दिवशी पेडर रोडच्या कडेला उभे असलेले लोक मोजणारा दरवाजाच तिथे नाही. ज्या देशात खेळ मुख्यतः तिकीट असलेल्या बंदिस्त मैदानांत होतो, त्या देशाशी तिकिटांच्या आधारे तुलना केली की मुंबईसारखे शहर आपोआप निरुत्साही दिसू लागते.

संघटनांच्या सभासदसंख्येबाबत थोडक्यात एवढेच की जर्मनीतील क्रीडा महासंघ सभासदत्वे मोजतो, माणसे नव्हे. दोन क्लबांचा सभासद तिथे दोनदा मोजला जातो.

तक्ता आधीच तयार झाला असेल आणि शंका येत असेल, तर प्रत्येक आकड्याशेजारी पाच गोष्टी लिहून पाहाव्यात : मूळ भाषेतील प्रश्न, वयोमर्यादा, संदर्भकाळ, माहिती घेण्याची पद्धत आणि नमुन्याचा आकार. सहा वर्षांवरील, १५ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील आकडे एकत्र आले असतील, तर मूळ माहितीसंचातून समान वयोगट पुन्हा काढावा. शाळकरी मुले आत की बाहेर, एवढ्यानेही प्रमाण हलते. नमुना देशागणिक हजारभर व्यक्तींचा असेल, तर दोन-तीन टक्क्यांच्या फरकावरून क्रमवारी लावू नये. आणि या पाच गोष्टींपैकी प्रश्न किंवा संदर्भकाळ जुळत नसेल, तर ते दोन देश एका तक्त्यातून काढून दोन वेगळ्या परिच्छेदांत मांडावेत. तक्ता लहान होतो आणि संपादकाला तो आवडत नाही, हा माझा अनुभव आहे, पण तो छापता येतो.