बी-वन बॉम्बरवर वाद घालायचाय? मग आधी नुसता स्पीड सांगणं बंद करा

२०२१ च्या फेब्रुवारीत बंगळुरूच्या एअरो इंडिया या विमान प्रदर्शनात अमेरिकेचं बी-१बी, म्हणजेच बी-वन बॉम्बर, आपल्या तेजसला सोबत घेऊन येलहंकावरून गेलं आणि तेव्हापासून विमानवेड्या मंडळींत हा वाद जो पेटलाय तो विझायचं नाव घेत नाही. एक म्हणतो असलं देखणं बॉम्बर परत होणे नाही, दुसरा म्हणतो हँगरमध्ये पोसलेला पांढरा हत्ती आहे नुसता. दोघांकडे आकडे असतात आणि गंमत म्हणजे दोघांचेही आकडे बरोबर असतात. म्हणून हा वाद नीट कसा घालायचा ते सांगतो, माझं मत कुठल्या बाजूला आहे ते वाचता वाचता कळेलच.

सगळ्यात आधी कुठलं बी-वन ते ठरवून घ्या, निम्मी भांडणं इथंच मिटतात. बी-१ए डिसेंबर १९७४ मध्ये पहिल्यांदा उडालं, चारच बनली, आणि त्याचा स्पीड मॅक २ च्या, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगाच्या, वर होता. जून १९७७ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष कार्टर यांनी ते गुंडाळून टाकलं कारण क्रूझ मिसाईल जर जुन्या बी-५२ बॉम्बरवरूनच लांबून सोडता येत असतील तर एवढा खर्च कशाला, आणि आतल्या गोटात स्टेल्थवर, म्हणजे रडारला सहज न दिसणाऱ्या विमानावर, काम चालू होतं ते तर उघड बोलता पण येत नव्हतं. मग १९८१ मध्ये रेगन अध्यक्ष म्हणून आले आणि त्यांनी १०० विमानं बनवायला लावली, पण ती बी मॉडेलची. यात इंजिनासमोरचे हलणारे इनटेक, म्हणजे हवा आत घेणारी तोंडं, काढून साधे बसवले, आतला हवेचा मार्ग नागमोडी केला म्हणजे समोरच्या रडारला इंजिनाची फिरती पाती थेट दिसू नयेत, आणि या सगळ्यात स्पीड मॅक १.२५ वर आला. आता समोरचा जर "बी-वन मॅक २ ने जातं" म्हणाला तर तो जे विमान कधी स्क्वाड्रनमध्ये दाखलच झालं नाही त्याच्याबद्दल बोलतोय, शांतपणे सांगा. आणि "स्पीड कमी केला म्हणजे बिघडवलं" म्हणणाऱ्याला पण सांगा की तो स्पीड मुद्दाम विकून रडारपासून लपायची सोय घेतली, फुकट नाही घालवला.

मग वर्ष विचारा. हे लोक अजिबात करत नाहीत. बी-वन चांगलं की वाईट हा प्रश्नच अर्धवट आहे, कधी आणि कशासाठी ते जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

१९८० च्या दशकात त्याचं काम एकच, सोव्हिएत हद्दीत जमिनीपासून शेदोनशे फुटांवरून घुसायचं आणि अणुबॉम्ब टाकून यायचं. त्यासाठी उडता उडता पंख मागे घेणं, खाली जोरात पळणं सगळं होतं. पण खालून उडण्याची किंमत पण असते, सप्टेंबर १९८७ मध्ये कोलोरॅडोत ट्रेनिंगला निघालेल्या बी-१बी ला एक पेलिकन धडकला आणि विमान पडलं, सहापैकी तिघे गेले. पेलिकन म्हणजे साधा पक्षी, मिसाईल नाही की काही नाही. शिवाय शत्रूचं रडार जॅम करायची जी सिस्टीम होती तिची रडकथा वर्षानुवर्षं चालली. आणि १९९१ च्या आखाती युद्धात जुनं बी-५२ जाऊन बॉम्ब टाकून आलं तेव्हा हे नवंकोरं विमान घरीच बसलं, एक तर ते अणुबॉम्बसाठी राखलेलं आणि त्यात इंजिनांचा घोळ चालू. त्या वर्षी तुम्ही पांढरा हत्ती म्हणाला असतात तर मी पण मान डोलावली असती.

आता दहा वर्षं पुढं या. डिसेंबर १९९८ मध्ये इराकवर पहिल्यांदा लढाईत उतरलं, आणि २००१ मध्ये अफगाणिस्तानात तर चित्रच पालटलं. अमेरिकी हवाई दलाचा स्वतःचा आकडा आहे की पहिल्या सहा महिन्यांत फक्त आठ बी-वननी सगळ्यांनी मिळून टाकलेल्या बॉम्बच्या वजनापैकी जवळजवळ ४० टक्के वजन टाकलं. आठ विमानं! झालं काय होतं की जीपीएसवर चालणारं जेडॅम किट आलं, साध्या बॉम्बला शेपटी लावली की तो सांगितलेल्या जागेवर पडतो, त्यामुळं खालून घुसायची गरजच उरली नाही, वरच तासन्‌तास घिरट्या घालायच्या आणि खालचा सैनिक जागा सांगेल तिथं एक एक टाकायचा. ज्या कामासाठी बनवलं ते काम त्याने कधीच केलं नाही आणि ज्याचा कोणी विचार केला नव्हता त्यात बाजी मारली. अणुबॉम्बची भूमिका तर केव्हाच काढून घेतली, रशियाशी झालेल्या अण्वस्त्रकरारानुसार तसे बदलही २०११ पर्यंत सगळ्या विमानांत करून झाले. त्यामुळं वादात विमानाइतकंच त्याच्या पोटात काय आहे ते विचारा. एप्रिल २०१८ मध्ये सीरियावर दोन बी-वननी लांबून सोडायची १९ जॅसम क्रूझ मिसाईल सोडली, अशी २४ मिसाईल एकाच्या पोटात मावतात, बी-५२ वर २० आणि बी-२ या स्टेल्थ बॉम्बरमध्ये १६.

पेलोडच्या, म्हणजे किती वजनाचे बॉम्ब नेता येतात त्या, आकड्यावर उड्या मारणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट ठेवा. कागदावर बी-वन ७५,००० पाउंड, बी-५२ साधारण ७०,००० आणि बी-२ ४०,००० पाउंड. आता जून २०२५ मध्ये इराणच्या फोर्दो आणि नतांझ या अणुकेंद्रांवर सात बी-२ नी मिळून जमिनीत खोल घुसून फुटणारे १४ बंकर बस्टर बॉम्ब टाकले, प्रत्येकी दोन, आणि एकेक बॉम्ब ३०,००० पाउंडाचा. करा हिशोब. ६०,००० होतात, कागदावर ४०,००० लिहिलेल्या विमानातून! म्हणजे माहितीपत्रकातला आकडा ही सुरुवात समजा, त्यावर पैज लावू नका. आणि उलट बाजूनं, बी-वनचा ७५,००० चा आकडा कितीही मोठा असला तरी तो बंकर बस्टर लढाईत नेणारं विमान बी-२ च आहे.

बी-वनवाले सहसा जिथं हरतात तो मुद्दा म्हणजे सज्ज विमानं किती. बनली १००, पण २०१९ मध्ये पूर्ण सज्ज बी-वन किती हे अमेरिकी संसदेत विचारलं गेलं तेव्हा उत्तर एक आकडी होतं. २०२१ मध्ये १७ काढून टाकली, ४५ उरली. कारण तेच अफगाणिस्तान, वीस वर्षं पंख पसरून हळूहळू घिरट्या घालायला लावलं, ज्यासाठी त्याचा सांगाडा बनवलाच नव्हता, त्यात ते पंख हलवायची यंत्रणा आणि तिची देखभाल. आमच्यातला एक बी-वनप्रेमी इथं आला की विषय बदलतो आणि आफ्टरबर्नरचे, म्हणजे इंजिनामागून निघणाऱ्या ज्वाळांचे, फोटो दाखवायला लागतो. तुम्ही बी-वनच्या बाजूचे असाल तर हा मुद्दा आधीच मान्य करून टाका आणि म्हणा की हो, वापरून वापरून झिजलं, पण वापरलं ना.

मग बी-५२ वाला छाती काढून येणार. शेवटचं बी-५२ १९६२ मध्ये बनलं, आता त्याला रोल्स-रॉइसची नवी इंजिनं बसवणार आणि ते बी-वनच्या नंतरही उडत राहणार, हे सगळं खरं आहे, मान्यच करा. पण त्याला व्हिएतनाम युद्धातल्या, डिसेंबर १९७२ मधल्या हनोईची आठवण करून द्या, ११ रात्रींत १५ बी-५२ पाडली गेली. लगेच "बघा, बेकार विमान" म्हणू नका मात्र. सुरुवातीच्या रात्री त्यांना एकाच रस्त्यानं, एकाच उंचीवरून, एकामागून एक पाठवलं आणि बॉम्ब टाकल्यावर वळायची जागा पण तीच, खाली मिसाईलवाले वाट बघतच बसलेले. नंतर रस्ते बदलले, वेगवेगळ्या दिशांनी एकदम शिरले आणि नुकसान कमी झालं. विमान तेच होतं. मला विचाराल तर बी-५२ टिकलं ते भारी आहे म्हणून कमी आणि त्याला आता धोक्यात न्यायचंच नाही, लांबूनच मिसाईल सोडायची असं ठरलं म्हणून जास्त.

राहता राहिला रशियाच्या टीयू-१६० बॉम्बरवाला, जो प्रत्येक वादात उशिरा येतो आणि भारताने ते घेतलंच पाहिजे म्हणतो. दिसायला बी-वनचा मोठा भाऊच, उड्डाणाचं वजन २७५ टनांपर्यंत जातं आणि बी-वनचं २१६, स्पीडही मॅक २. पण त्याचं मुख्य काम लांबून क्रूझ मिसाईल सोडायचं, त्यामुळं या दोघांची कुस्ती लावण्यात फारसा अर्थ नाही. भारताचं म्हणाल तर त्याला जास्त समजावत बसू नका, दोन प्रश्न टाका. आपण घेतलेले हवेतल्या हवेत इंधन भरणारे इल्युशिन-७८ टँकर सहा, त्यातून सुखोईचं भागवायचं की या धुडाचं? आणि सुखोईवरून ब्रह्मोस नोव्हेंबर २०१७ मध्येच सोडून दाखवलाय, तर मग या बॉम्बरने नेमकं कुठलं टार्गेट मारायचंय? टार्गेटचं नाव सांगितलं तर पुढं बोला, नाहीतर त्यालाच चहाचं बिल द्यायला लावा.