धिंगरी अळिंबीच्या स्पॉनला (बियाण्याला) आंबट वास, दाणे चिकट: माझा अनुभव

लक्षण: ज्वारीवर सोडलेली धिंगरीची बुरशी दोन दिवस कापसासारखी छान पसरायची, मग थबकायची. पिशवीच्या तळाशी दाणे ओले, प्लास्टिकला शेंबडासारखे चिकटणारे. वास आंबलेल्या पिठाचा. हिरवी बुरशी कुठेच नाही, म्हणजे हे जिवाणूंचं काम.

कल्चर (बुरशीचं शुद्ध विरजण) बदललं, स्पिरिट दुप्पट फवारलं, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) अर्धा तास जास्त चालवला. सतरा पिशव्या उकिरड्यावर गेल्या.

चूक दाण्यातच होती. कोरड्या दाण्यातले जिवाणूंचे बीजाणू उष्णतेला दाद देत नाहीत. भिजून रुजले की मात्र उष्णतेने मरतात.

आता ज्वारी रात्रभर भिजवतो, पाणी बदलून 20 मिनिटं उकळतो. दाणा मऊ हवा, फुटलेला नको. मग चाळणीत निथळून सुती कापडावर पसरतो. मूठभर दाणे टिपकागदावर दाबले तर डाग उमटता कामा नये (हीच खरी परीक्षा, घाई इथेच नडते). किलोभर कोरड्या ज्वारीमागे 20 ग्रॅम जिप्सम, 5 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. पिशवी दोन तृतीयांशच भरून 121 अंशांवर 15 पौंड दाबाने दीड तास. रात्रभर निवल्यावरच कल्चर सोडतो.

25 अंशांना पंधराव्या दिवशी पिशवी पांढरीशुभ्र झाली.