जर्मनीत आलात? मग इंग्रजी जरा बाजूला ठेवा

श्टुटगार्टच्या परिसरात दर वर्षी नवी मराठी माणसं येतात. कुणी गाड्यांच्या कारखान्यात, कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी मास्टर्स करायला. भेट झाली की प्रश्न ठरलेला असतो: "ऑफिसात सगळं इंग्रजीतच चालतं, मग जर्मन शिकायलाच हवी का?"

नोकरी टिकवायला बहुधा नको. राहायला मात्र हवी. सरकारी कामकाजाची भाषा जर्मन असेल असं इथल्या कायद्यातच लिहिलंय. खिडकीपलीकडच्या बाईंना इंग्रजी येत असलं, तरी तुमच्याशी ती बोलण्याची सक्ती त्यांच्यावर नाही. घर घेतल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायला जाल तेव्हा पहिला अनुभव येईल. पुढे डॉक्टरची अपॉइंटमेंट, वीज कंपनीचं पत्र, पाळणाघरातली पालकसभा, घरमालकाशी हीटरवरून वाद, सगळं जर्मनमध्येच चालतं.

माझं मत असं की आपल्या लोकांची जर्मन अडते ती वयामुळे नाही, चांगल्या इंग्रजीमुळे अडते. इंग्रजीवर निभावतं, त्यामुळे गरज उद्यावर ढकलता येते. सीरियातून आलेला सुतार दीड-दोन वर्षांत गिऱ्हाइकाशी भांडण्याइतकी जर्मन बोलतो, कारण त्याला दुसरा रस्ताच नसतो. आपला आयटीवाला पाच वर्षांनीही बेकरीत बोट दाखवून पाव घेतो.

सुरुवात बेकरीपासूनच करा. रोज तीच वाक्यं, त्याच क्रमाने, आणि मागे रांग असल्यामुळे विचार करायला वेळ नाही. यापेक्षा चांगला वर्ग मिळणार नाही. आपला नंबर आला की "इश हेटं गेर्न", म्हणजे मला हवं होतं, असं म्हणून हवं ते मागायचं. बाई पिशवी उघडता उघडता विचारतील, "झोन्स्ट नॉख वास?" वेगात ते एकच शब्द असल्यासारखं ऐकू येतं, अर्थ, आणखी काही? काही नको असेल तर "दास वेअर्स". झालं, एवढंच. मग पैसे आणि पावती हवी का, हा प्रश्न. तुम्ही अडखळलात की बाई लगेच इंग्रजीवर येतील. त्या मदतच करत असतात, पण तुमचं नुकसान होतं. हसून म्हणायचं, "इश लेर्नं डॉइच, बिटं लांगझाम." म्हणजे, जर्मन शिकतोय, जरा सावकाश. मी कुणालाही यावर चिडलेलं पाहिलेलं नाही. सकाळी साडेसातला मात्र हा प्रयोग नको. तेव्हा रांगेतल्यांना ट्राम गाठायची असते.

आता वर्गात काय होतं ते पाहा. आपण जर्मन शिकतो इंग्रजीतून. पुस्तक इंग्रजीत, ॲप इंग्रजीत, मनातलं भाषांतरही इंग्रजीतून. आणि इथेच घोळ होतो, कारण वाक्याच्या बांधणीत जर्मन बऱ्याच ठिकाणी इंग्रजीपेक्षा मराठीला जवळ आहे. थंडी वाजते तेव्हा इंग्रजीवरून वाक्य जुळवणारा "इश बिन काल्ट" म्हणून मोकळा होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस स्वभावाने थंड आहे. मराठीत आपण "मला थंडी वाजते" म्हणतो, "मी थंड आहे" म्हणत नाही. जर्मनही तसंच, "मिअर इस्ट काल्ट": मला. आवडण्याचं तेच. "दास गेफेल्ट मिअर", ते मला आवडतं. जिथे मराठीत "मला" येतं तिथे आधी "मिअर" लावून पाहा. दर वेळी बरोबर येणार नाही, पण इंग्रजीपेक्षा कमी फसाल.

क्रियापद शेवटी जातं म्हणून इंग्रजीभाषक डोकं धरून बसतात. "वाइल इश मॉर्गन नाख पुणे फ्लीगं": कारण मी उद्या पुण्याला विमानाने जातोय. क्रियापद दोन्हीकडे शेवटी. आपल्याला अवघड जायला हवं ते उलट टोकाला, म्हणजे साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर आणणं. तरी आपली मंडळी "वाइल" नंतरचंच चुकतात, कारण मध्ये इंग्रजी येऊन बसलेली असते.

विभक्तीला घाबरू नका. "स, ला, ते, ने, ए, शी" असं घोकून आपण शाळेतून पार पडलोय आणि दहावीला गुणांसाठी संस्कृत घेतलेल्यांनी तर "देवः देवौ देवाः" केलंय. त्यापुढे जर्मनच्या चार विभक्त्या म्हणजे काहीच नाही. फरक इतकाच की इथे प्रत्यय नामाला न लागता बहुतेक वेळा त्याच्या आधी येणाऱ्या, लिंग दाखवणाऱ्या डेअर-डी-दास या शब्दांना लागतो.

लिंगं तीन, तीही आपल्याला नवी नाहीत. पण आपलं लिंग तिथे चालवू नका. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. मुलगी, म्हणजे मेटशेन, नपुंसकलिंगी, यावर वर्गात हमखास हशा पिकतो. मालवणी माणूस मात्र हसत नाही. त्याच्या घरी चेडू नपुंसकलिंगीच असतं. नियम शोधत बसण्यापेक्षा प्रत्येक नाम त्याच्या डेअर-डी-दाससकट पाठ करा. सुटं पाठ केलेलं नाम नंतर पुन्हा पाठ करावं लागतं.

लांबलचक शब्द पाहून पत्र बाजूला ठेवू नका. ते समास आहेत. शेवटून फोडायचे. "क्रांकनफेअरझिशरुंग्सकार्टं" मध्ये शेवटी कार्टं, म्हणजे कार्ड. कसलं, तर आरोग्य विम्याचं. शेवटचं पद प्रधान, लिंगही त्याचंच. तत्पुरुष शिकलेल्या माणसाला याहून जास्त समजवावं लागत नाही.

उच्चारातही एक फायदा आहे. जर्मन झेडचा उच्चार आपल्या "चाक", "चूल" मधल्या दंत्य चसारखा. ट्रेनला "त्सूग" म्हणताना इंग्रजी वळणाने "झूग" म्हणू नका. दोन टिंबांचा यू आपल्याकडे नाही. ओठ "ऊ" सारखे गोल करायचे आणि आतून "ई" म्हणायचं. आरशासमोर करून बघा, घरचे हसले तरी.

आकड्यांत मात्र सांभाळा, कारण तिथे पैसे आणि वेळ दोन्ही जातात. जर्मनमध्ये पासष्ट म्हणजे "फ्युन्फ उंट झेशत्सिश", पाच आणि साठ. मराठीतही एकक आधी येतो: पासष्ट, बेचाळीस, एकवीस. पण आपण वर्षानुवर्षं इंग्रजीत मोजतो, म्हणून कान दशकाची वाट पाहतो आणि 65 चे 56 होतात. फोन नंबर सांगताना बरेच जर्मन दोन-दोन आकड्यांची जोडी करतात. पहिला आकडा ऐकला की लगेच लिहू नका. जोडी पूर्ण होऊ द्या. किंवा सरळ सांगा, एकेक आकडा सांगा: "आइन्त्सेल्न, बिटं."

वेळेचा सापळा आणखी वाईट. "हाल्ब फिअर" म्हणजे साडेचार नव्हे, साडेतीन. चौथा तास अर्धा झाला, असा तो हिशेब. आपल्या "अडीच"मागेही हाच हिशेब आहे, संस्कृतातल्या अर्धतृतीयाचा. डॉक्टरकडे तासभर उशिरा पोचलात तर परत पाठवतात आणि पुढची तारीख कितीतरी आठवड्यांनी मिळते. आमच्या श्वाबेन भागात, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपास, त्यात भर म्हणून "फिर्टल द्राय" म्हणजे सव्वादोन आणि "द्रायफिर्टल द्राय" म्हणजे पावणेतीन. संशय आला की घड्याळातले आकडे परत म्हणून दाखवा: पंधरा तीस ना? कुणाला वावगं वाटत नाही.

फोन सगळ्यांत शेवटी जमतो, कारण समोरच्याचा चेहरा दिसत नाही. दवाखान्यात फोन करण्याआधी तीन ओळी कागदावर लिहून ठेवा: नाव, काय दुखतंय, कधीपासून. नाव अक्षरं फोडून सांगायचा सराव करा. आपल्या आडनावातल्या व्ही आणि डब्ल्यूवरून गोंधळ ठरलेला, कारण जर्मनमध्ये व्हीला "फाउ" म्हणतात आणि डब्ल्यूला "वे". रात्री-अपरात्री डॉक्टर लागला, पण जिवावर बेतलेलं नसेल, तर 116117. जिवावरचं असेल तर 112. हे दोन आकडे जर्मनमध्ये म्हणून बघा, उपयोगी पडतात.

पत्रांचं म्हणाल तर सरकारी जर्मन इथल्या जर्मनांनाही कळत नाही. आपल्याकडच्या "उपरोक्त विषयान्वये"चे हे सख्खे भाऊ. सगळं वाचायचा अट्टहास नको. तारीख शोधा, "बिस त्सुम" ("पर्यंत") च्या पुढची, रक्कम शोधा, आणि "मानुंग" शब्द दिसला तर पैसे राहिलेत, ते उद्यावर टाकू नका.

आता जोडीदाराबद्दल, कारण हे कुणी सांगत नाही. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना, असलेल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा माफ आहे. सवलत चांगली, पण परिणाम असा की एम.टेक. झालेली मुलगी एकही शब्द न येता इथे उतरते आणि दिवसभर चार भिंतींत बसते. नवऱ्याचं ऑफिस तरी आहे. तेव्हा घरात एकाचाच वर्ग परवडत असेल, तर पहिला तिचा लावा. मूल किंडरगार्टनमध्ये जायला लागलं की वर्षभरात तुमच्या दोघांच्या पुढे जाईल आणि तुमचे उच्चार सुधारेल. सुधारू द्या, लाजू नका. पण डॉक्टरकडे, शाळेत त्याला दुभाषा करू नका. आईच्या आजाराचं भाषांतर सात वर्षांच्या पोराने का करावं?

वर्ग कुठे, तर प्रत्येक शहरात फोल्क्सहोखशूलं असते, महापालिकेशी जोडलेली प्रौढांसाठीची शिक्षणसंस्था. श्टुटगार्टची रोटेब्यूलप्लात्सला आहे. आधी पातळी तपासणारी चाचणी देतात, मगच वर्ग. पुण्या-मुंबईत माक्स म्युलर भवनात ए-१, ए-२ या भाषेच्या पहिल्या दोन पातळ्या करून आला असाल, तरी ती चाचणी मनापासून द्या. कागदावरची ए-२ इथे महिनाभर गप्प असते. सरकारी इंटेग्रात्सिओन्सकुर्समध्ये, म्हणजे बाहेरून आलेल्यांना इथे रुळवणाऱ्या अभ्यासक्रमात, भाषेचे 600 आणि कायदा, इतिहास, समाज यांचे 100 तास असतात, तास 45 मिनिटांचा. प्रवेशाचे आणि शुल्काचे नियम बदलत असतात, भरवशावर न राहता चौकशी करा. सरकारच बी-१ साठी, म्हणजे ए-२ च्या पुढच्या पातळीसाठी, 600 तास धरतं, तेव्हा रोज दहा मिनिटं ॲप करणाऱ्याने हिशेब मांडावा: सात वर्षांहून जास्त लागतील. डॉइचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेचे मोफत अभ्यासक्रम चांगले आहेत, पण बोलणाऱ्या माणसाची जागा ते घेत नाहीत.

बी-१ ची कागदोपत्री किंमतही आहे. ब्लू कार्डवर बी-१ असेल तर 21 महिन्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, नुसत्या ए-१ वर 27. नागरिकत्वाला बी-१ लागतेच, शिवाय 33 प्रश्नांची परीक्षा, त्यात 17 बरोबर. ती सोपी आहे, तिची काळजी नको.

बोलायला माणसं हवी असतील तर क्लबात जा, इथल्या भाषेत फेअराइन. क्रिकेटचा नव्हे, तिथे तुमची हिंदी आणि तेलुगू सुधारेल. गायनवृंद, डोंगर चढणारे, बुद्धिबळ, काहीही. तिथे सगळे एकमेकांना "डू", म्हणजे तू, म्हणतात. बाहेर मात्र शेजारी, डॉक्टर, दुकानदार यांना "झी", म्हणजे तुम्ही, आणि आडनावाआधी हेर किंवा फ्राउ. काका-काकू म्हणायची सोय नाही. "डू" म्हणा असं मोठं माणूस सुचवेल, तोवर थांबायचं. गणपतीला मंडळात अवश्य या, मोदक खा, जुनी पुस्तकं आणि चांगल्या शिक्षकांचे पत्ते घेऊन जा. जर्मन मात्र तिथे येणार नाही.

शेवटी श्वेबिश, इथली बोली. वर्गात "निष्ट" ("नाही") शिकाल, जिन्यात "नेट" ऐकाल. "इश" चं नुसतं "इ" होतं, आणि सगळ्या वस्तूंना मागे "ले" लागतो. कळलं नाही तर आपलं चुकलं असं समजू नका. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने 1999 पासून कितीतरी वर्षं स्वतःची जाहिरातच अशी केली होती: आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून. दारावर "केअरवोखं" ची पाटी लटकलेली दिसली, तर त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. तळमजल्याच्या आजीबाई पाहायला बाहेर येतातच. झाडू हातात घेऊन त्यांना विचारा, कोपरा कुठपर्यंत आमचा? त्या अर्धा तास सांगतील, श्वेबिशमध्ये, आणि तुम्हाला मध्येच पळून जाता येणार नाही.