डोक्यात धुकं साचलंय? आधी ‘कधीपासून’ ते विचारा

चतुर्थी आठवड्यावर आली होती. फोंड्याच्या घरी आई दुधाचा हिशेब करायला बसली होती. वही उघडी, पेन हातात, आणि तीच बेरीज ती तिसऱ्यांदा करत होती. शेवटी मान वर करून म्हणाली, ‘‘मघाशी कुठवर आले होते गं?’’ चाळीस वर्षं घराचा हिशेब तोंडपाठ ठेवणारी बाई. आम्ही सगळ्यांनी मिळून निदान करून टाकलं: वय झालं, त्यात चतुर्थीची धावपळ. त्यानंतर डॉक्टरकडे जायला आम्ही चार महिने लावले, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून हा लेख.

‘ब्रेन फॉग’ हे कुठल्या आजाराचं नाव नाही, लक्षणांच्या एका गटाला लोकांनी दिलेलं नाव आहे. डोकं जड वाटतं, काही सुचत नाही, शब्द जिभेवर येऊन अडतो, वाचलेलं लगेच पुसलं जातं, एरवी हातासरशी होणाऱ्या कामाला तास लागतो. यामागे अपुरी झोप असू शकते, थायरॉइड असू शकतो, रोजची एखादी गोळीही असू शकते. म्हणून ‘मला काय झालंय?’ याआधी ‘हे कधीपासून?’ हा प्रश्न विचारा. पुढची घाई किती करायची, हे त्याच्या उत्तरावर ठरतं.

काही मिनिटांत किंवा तासांत झालं असेल तर

माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, बोलणं कळेना, तोंड वाकडं झालं, एका हाता-पायातली ताकद गेली, दिसेनासं झालं, कधी नव्हे इतकं डोकं दुखू लागलं किंवा फिट आली, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. तो शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला होता, ती वेळ लिहून ठेवा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, त्यामुळे डॉक्टर ही वेळ आधी विचारतात. ‘जरा पडून राहा, बरं वाटेल’ म्हणत घालवलेला तास परत मिळत नाही.

मधुमेही माणूस घामाघूम होऊन बरळत असेल तर ग्लुकोमीटर असल्यास साखर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा तपासायची सोयच नसेल, आणि त्याला नीट गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. मे महिन्याच्या उन्हात काम करून आलेला माणूस तापलेल्या अंगानं भ्रमिष्टासारखा वागत असेल तर त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ बोलवा.

काही दिवसांत झालं असेल तर

त्याच दिवशी डॉक्टर. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस दोन्ही असतात. ताप आणि सोबत गोंधळलेपण, किंवा मान आखडलेली, हे घरी पॅरासिटामॉलवर काढायचं दुखणं नव्हे, सरळ इस्पितळ गाठा. म्हाताऱ्या माणसांत लघवीचा संसर्ग किंवा शरीरातलं सोडियम घसरणं एवढ्यानंही माणूस दोन दिवसांत बदलून जातो. स्कूटरवरून पडलेलं किंवा न्हाणीत घसरलेलं आठवून बघा. डोक्याला लागल्यावर कवटीच्या आत हळूहळू साचणारं रक्त कधीकधी काही आठवड्यांनी त्रास देऊ लागतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ही शक्यता वाढते.

आठवडे किंवा महिने चाललं असेल तर

बहुतेक वाचक इथले असतील. आई इथलीच होती.

दोन आठवडे नोंद ठेवा. मोठी वही नको. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचो: झोप किती, धुकं सकाळी की दुपारी, जेवणाआधी की नंतर, त्या दिवशी काय चुकलं. ‘गॅस बंद करायला विसरले’ ही नोंद ‘विसराळूपणा वाढलाय’ यापेक्षा डॉक्टरांच्या शंभरपट कामाची.

याच काळात झोप रोज सात तासांवर आणा आणि पाणी वाढवा. संध्याकाळचा चहा सोडा, कारण प्यायल्यावर पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं कॅफिन अंगात असतं. दारू घेत असाल तर ते पंधरा दिवस बंद ठेवून बघा. रोजची आणि भरपूर असेल तर मात्र एकदम तोडू नका, आधी डॉक्टरांना विचारा. घरचे म्हणत असतील की तुम्ही जोरात घोरता, मध्येच श्वास अडकतो, आणि दिवसा बसल्या बसल्या डोळा लागत असेल, तर ते झोपेतल्या श्वासरोधाचं लक्षण असू शकतं. त्याची तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका.

मग घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला. सगळ्या म्हणजे फार्मसीतून आपणहून आणलेली सर्दीची गोळी, झोपेची गोळी, आयुर्वेदिक चूर्णसुद्धा. सर्दी-ॲलर्जीच्या कित्येक गोळ्या डोकं बधीर करतात. आईच्या बाबतीत उत्तर या पिशवीतच निघालं. ती पक्की शाकाहारी, आणि मधुमेहासाठी बारा वर्षं मेटफॉर्मिन. या दोन्हींमुळे बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. डॉक्टरांनी पिशवी टेबलावर ओतली, एकेक पट्टी उलटून पाहिली आणि विचारलं, ‘‘आई, तळपायाला मुंग्या येतात?’’ येत होत्या. वर्षभर. आम्हाला तिनं कधी सांगितलंच नव्हतं.

पहिली भेट जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा फॅमिली डॉक्टरकडे पुरते. म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं (लोकांच्या तोंडी आझिलो आणि हॉस्पिसियो) किंवा बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ, हे गरज पडल्यास पुढचे टप्पे. साधारणपणे रक्ताची पूर्ण तपासणी, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), बी-१२, साखर, सोडियम, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या सांगितल्या जातात. एक कळकळीची विनंती: तपासणीआधी स्वतःहून बी-१२ ची इंजेक्शनं घेऊ नका, आकडा वर जातो आणि खरी कमतरता झाकली जाते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यानं थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो.

पंचेचाळिशीच्या आसपास पाळी अनियमित झालेल्या बायकांना शब्द न आठवण्याचा त्रास होतो. तो खरा असतो, मनाचे खेळ नव्हेत. कोविडनंतर रेंगाळलेलं धुकंही तसंच. आणि कशातच मन लागत नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं, तेही डॉक्टरांना तितक्याच मोकळेपणानं सांगा. जीव नकोसा वाटत असेल तर आत्ताच टेलिमानसच्या १४४१६ वर बोला. फोन मोफत आहे, रात्रीही लागतो.

‘हा स्मृतिभ्रंश तर नाही ना?’ ही भीती जवळपास प्रत्येकाला असते. धुक्याची तक्रार बहुधा माणूस स्वतः करतो, स्मृतिभ्रंशात बदल बरेचदा आधी घरच्यांच्या लक्षात येतो. रोजच्या बाजारातून घरची वाट चुकली, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा पुन्हा आला, पैशांचे व्यवहार फसू लागले, तर घरच्या कुणीतरी सोबत जाऊन हे डॉक्टरांना सांगावं.

औषध सुरू झाल्यावर घाई करू नका. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची आणि टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा बघायचं. बी-१२ भरून निघाल्यावरही डोकं आणि पाय सावरायला महिने लागू शकतात. आईला पाच लागले. कॅलेंडरवरच्या नोंदी तेव्हाही चालू ठेवा, कारण पुढच्या भेटीत डॉक्टर ‘फरक पडला का?’ विचारतील तेव्हा दाखवायला तेच पान लागेल.